मराठीतला क्षार, हिंदीतला क्षार आणि मधलं लवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरांत मुलं विज्ञान हिंदीतून नाहीतर इंग्रजीतून शिकतात आणि घरी अभ्यास घेणारे आजोबा किंवा फोनवरून समजावणारा पुण्याचा मामा मराठीतून बोलतो. 'आम्ल' आणि 'अम्ल' एवढ्यावर कुणाचं अडत नाही. 'क्षार' आला की मात्र दोघंही बरोबर असूनही भांडण होतं. शिकवणीतली मुलं, त्यांचे पालक आणि गावाकडे शेती असलेले ओळखीचे लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

हिंदी पुस्तकातला 'क्षार' आणि मराठीतला 'क्षार' एकच का?

नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी (बेस) यांची अभिक्रिया होऊन पाण्याबरोबर जो पदार्थ तयार होतो, त्याला क्षार म्हणतात. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र आले की पाणी आणि सोडियम क्लोराईड मिळतं. हे सोडियम क्लोराईड, म्हणजे जेवणातलं मीठ, मराठीत क्षार. हिंदी पुस्तकात त्याच मिठाला लवण म्हणतात आणि 'क्षार' हे नाव दिलंय त्या सोडियम हायड्रॉक्साइडला. म्हणजे मराठीचा क्षार अभिक्रियेच्या बाणाच्या उजवीकडे, हिंदीचा डावीकडे.

दहावीच्या हिंदी पुस्तकातल्या धड्याचं नाव 'अम्ल, क्षारक एवं लवण' आहे. महाराष्ट्रात तेच 'आम्ल, आम्लारी व क्षार'. दोन्ही नावं वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवा, अर्धं काम तिथेच होतं.

मग हिंदीत 'क्षारक' आणि 'क्षार' असे दोन शब्द कशाला?

क्षारक म्हणजे आपली आम्लारी, सगळं कुटुंब. त्यातले जे पाण्यात विरघळतात तेवढेच क्षार. मराठी पुस्तकात त्यांना अल्क म्हणतात. कॉपर ऑक्साइड आम्लाशी अभिक्रिया करून क्षार (आणि हिंदीत लवण!) देतं म्हणून ते क्षारक आहे, पण पाण्यात विरघळत नाही म्हणून हिंदीतला क्षार नाही. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही आहे. 'प्रत्येक क्षार क्षारक असतो, पण प्रत्येक क्षारक क्षार नसतो' हे वाक्य हिंदी माध्यमाची मुलं घोकतात. मराठीत 'प्रत्येक अल्क आम्लारी असतो, पण प्रत्येक आम्लारी अल्क नसते' असं म्हटलं की आजोबांच्याही लगेच लक्षात येतं.

एकाच शब्दाची अशी दोन टोकं झाली कशी?

मूळ अर्थ हिंदी पुस्तकाच्या बाजूचा आहे, हे आधी मान्य करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षारपाकविधीचाच आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची आणि ते पाणी आटवायचं, असा क्षार तिथे सांगितला आहे. शब्दाची फोडही दिली आहे, 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः', म्हणजे जो झरवतो, खाऊन टाकतो तो. तीक्ष्ण क्षारासाठी भाजलेली चुनखडी आणि शिंपले घालायला सांगितले आहेत. आजच्या भाषेत, राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटची चुन्याशी गाठ घालून त्यापासून कॉस्टिक पोटॅश करायचा हा मार्ग. तयार क्षार लोखंडाच्या भांड्यात ठेवायला सांगितलाय, तेही रसायनाच्या दृष्टीने शहाणपणाचं. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. क्षाराला आंबट पदार्थ भेटला की त्याची तीक्ष्णता जाते, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. उदासिनीकरणाचा धडा इतका जुना आहे.

इंग्रजीतला अल्कली हा शब्दही अरबीतून आलाय आणि त्याचं मूळही खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेत आहे. म्हणजे अल्क आणि मूळचा क्षार दोघं एकाच चुलीतले.

पण बोलीत 'क्षार'चा 'खार' झाला, आणि खार जिभेवर गेला. खारं पाणी, खारे दाणे, खारट आमटी, खारातल्या मिरच्या. मराठीत खार म्हटलं की मीठच आठवतं. शाळेच्या पुस्तकांनी हा चालता अर्थ उचलला, हिंदी परिभाषेने संस्कृत अर्थ धरून ठेवला. गंमत म्हणजे बोलण्यात हिंदीवालेसुद्धा 'खारा पानी' खारट पाण्यालाच म्हणतात. इंदुरात राजवाड्यावरचा कुठलाही भिया (भैया) खाऱ्या शेंगदाण्यांना अल्क समजत नाही.

महाराष्ट्रात तरी सगळीकडे क्षार म्हणजे लवणच का?

नाही. मराठी विश्वकोश उघडला तर तिथे 'क्षारक' आणि 'लवण' हेच शब्द भेटतात. त्यामुळे पाठ्यपुस्तक वाचणारा आणि विश्वकोश वाचणारा, दोघं मराठीच असून एकमेकांना चुकीचं ठरवू शकतात. माझ्या मते 'लवण' हा शब्द मराठी पुस्तकांनीही घ्यायला हरकत नव्हती. पण आता पिढ्यान्‌पिढ्या क्षार शिकून झाल्यावर तो बदलण्यात राम नाही.

पापडखार हा क्षार आहे की अल्क?

दोन्ही, म्हणून हा प्रश्न मला फार आवडतो. पापडखारात मुख्यतः सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) आणि बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) असतं. ही दोन्ही कार्बोनिक आम्लाची सोडियमची संयुगं, म्हणजे मराठीत क्षार, हिंदीत लवण. पण पाण्यात घातल्यावर ती आम्लारिधर्मी वागतात, म्हणजे हिंदीत 'क्षारीय'. म्हणून हिंदीतलं बरोबर वाक्य 'पापड़खार एक क्षारीय लवण है' असं होतं. मराठी कानाला ते 'क्षारयुक्त क्षार' असं ऐकू येतं आणि घरात हशा होतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उन्हाळ्यात उडदाच्या पापडांचं पीठ भिजत असताना बघा. कागदाच्या पट्टीवर ओली हळद चोळून वाळवा. एका टोकाला मिठाच्या पाण्याचा थेंब टाका, रंग पिवळाच राहतो. दुसऱ्या टोकाला पापडखाराच्या पाण्याचा थेंब टाका. क्षणात विटेसारखा तांबडा डाग पडतो, आणि पट्टी वाळली की कडेला जास्तच गडद दिसतो. त्याच डागावर लिंबू पिळा, परत पिवळा. खाण्याच्या सोड्याने रंग बदलतो पण फिकट, कारण त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) सव्वाआठच्या आसपास असतो, तर धुण्याच्या सोड्याचा अकराच्या पुढे जातो. मीठ आणि पापडखार दोन्ही मराठी अर्थाने क्षार, पण हळदीला तांबडी करतो तो एकच. हिंदीतला 'क्षारीय' हा शब्द फक्त त्या तांबड्या डागाबद्दल बोलतो. कपड्यावरच्या डाळीच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेही हेच.

म्हणजे क्षार आंबटही असू शकतो?

हो. तुरटी हा क्षार आहे आणि तिचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, तोही क्षार, सामू पाचच्या आसपास. कुठल्या आम्लाची कुठल्या आम्लारीशी जोडी जमली आणि त्यात जोर कुणाचा, यावर क्षाराचा स्वभाव ठरतो. हिंदीत 'अम्लीय लवण' म्हणता येतं. 'अम्लीय क्षार' मात्र हिंदीत म्हणू नका, परीक्षक लाल रेघ मारेल आणि त्याचं बरोबर असेल.

बोअरिंगच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये 'क्षारीयता' लिहिलंय. म्हणजे पाण्यात किती क्षार आहेत ते का?

नाही, आणि यावरून पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदच्या पंपिंग स्टेशनहून येतं, पण ते पुरत नाही तिथे बोअरिंग चालूच असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसला, गीझरचं कॉईल जाड झालं की मराठी माणूस म्हणतो 'पाण्यात क्षार फार'. तो रिपोर्ट मागवतो. त्यात तीन वेगळे आकडे असतात. कुल घुलित ठोस, म्हणजे टीडीएस, हा मराठीतल्या 'क्षार किती' या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा. कठोरता म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा हिशेब. आणि क्षारीयता म्हणजे ते पाणी किती आम्ल पचवू शकतं त्याचं माप. आपल्याकडच्या विहिरी-बोअरिंगच्या पाण्यात ती बहुतेक बायकार्बोनेटमुळे असते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएससाठी दर लिटरला ५०० मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. कठोरता आणि क्षारीयता या दोन्हींसाठी ती २०० आणि ६०० अशी आहे. सामू ६.५ ते ८.५.

आणखी एक पाचर इथे बसते. क्षारीयता जास्त म्हणजे सामू जास्त, असंही नाही. सामू ७.३ असलेल्या पाण्याची क्षारीयता ३५० असू शकते. सामू आत्ताची स्थिती सांगतो, क्षारीयता ताकद सांगते.

आता तोटीवरचा तो पांढरा थर. कॅल्शियम बायकार्बोनेट असलेलं पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. मराठीत तो क्षारच आहे, नाव बरोबर आहे. त्यावर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचं पाणी ओतलं की फसफसून निघतो, म्हणजे हिंदीच्या अर्थानेही तो आम्लाच्या विरुद्ध पक्षातला. त्या एका तोटीवर दोन्ही भाषा खऱ्या ठरतात. पण समुद्राच्या पाण्यात क्षार अफाट असतात आणि क्षारीयता जेमतेम शंभर-सव्वाशे, त्यामुळे हा मेळ सगळीकडे लागेल असं धरू नका.

सॉफ्टनर बसवला, तरी 'क्षार' तेवढेच दाखवतात. फसवलं का?

बहुधा नाही. घरगुती सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. कठोरता उतरते, थर बसणं थांबतं, पण टीडीएस आणि क्षारीयता जवळपास तशीच राहते. ती दोन्ही कमी करायची तर आरओ लागतो. विकणाऱ्याने 'क्षार काढून टाकतो' म्हटलं असेल तर त्याला विचारा, कुठला आकडा कमी होणार ते रिपोर्टवर बोट ठेवून दाखव.

शेताच्या माती परीक्षणात 'क्षारीय' आलं. महाराष्ट्रातले पाहुणे म्हणतात क्षारपड जमिनीला पाणी देऊन धुऊन काढा. करावं का?

थांबा. पाहुणे वाईट सांगत नाहीत, ते वेगळ्या रोगाचं औषध सांगतात.

मराठी शेतीच्या भाषेत 'क्षारयुक्त' किंवा 'क्षारपड' म्हणजे जिच्यात विरघळणारे क्षार साठलेत ती जमीन. तिला हिंदीत 'लवणीय' म्हणतात. हिंदीत 'क्षारीय' म्हणजे जिच्या मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलाय ती, आणि तिला मराठीत 'चोपण' असा झकास शब्द आहे. म्हणजे 'क्षारयुक्त' आणि 'क्षारीय' हे कानाला सख्खे भाऊ वाटले तरी वर्गीकरणात वेगवेगळ्या रकान्यांत आहेत.

ओळखायचं कसं, तर शब्द सोडून आकडे वाचा. विद्युत चालकता ४ डेसीसायमनच्या वर, सामू ८.५ च्या खाली आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर क्षारयुक्त. अशा जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी पापडी दिसते. चालकता ४ च्या आत, पण सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर चोपण. चोपण जमीन पावसात लगद्यासारखी होते, पाणी वरच साचून राहतं, वाळली की दगड. दोन्ही लक्षणं एकत्र असलेली तिसरी जातही असते.

क्षारयुक्त जमिनीला निचरा काढून, चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन न्यावे लागतात. चोपण जमिनीत पाणी मुळी खाली जातच नाही, धुणार काय? तिथे आधी जिप्सम घालतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून उठवतं, मग तो सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघतो. जिप्सम किती, हे मातीच्या तपासणीवरूनच ठरवायचं. क्षारयुक्त जमिनीला उगाच जिप्सम टाकणं म्हणजे असलेल्या क्षारांत आणखी एका क्षाराची भर.

आपल्या इंदूरचं मातीच्या रसायनाशी नातं जुनं आहे. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात १९२४ पासून इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते; दोघांचं त्यावरचं पुस्तक १९३१ साली आलं. त्या ढिगात काडीकचरा आणि शेणाबरोबर लाकडाची राख आणि माती पसरतात, कुजताना तयार होणारं आम्ल मारायला. राखेचा क्षार, सुश्रुताच्याच वाटेने आलेला.

डॉक्टर म्हणाले 'शरीरातले क्षार कमी झालेत'. म्हणजे शरीर आम्लधर्मी झालं का?

नाही. मराठी डॉक्टर तेव्हा सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड यांच्याबद्दल बोलत असतात. हिंदीत बहुतेक सरळ 'इलेक्ट्रोलाइट' म्हणतात. जुलाबात देतात ती जलसंजीवनी, जिला क्षारसंजीवनीही म्हणतात, तिच्यात दर लिटरला सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. पहिले तीन क्षार, चौथी साखर. ती साखर चवीला नसते, आतड्यातून सोडियम आणि त्याच्यामागून पाणी आत ओढायला असते. म्हणून पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवायचं, अंदाजाने नाही.

आणि हिंदी पुस्तकात 'रक्त हल्का क्षारीय होता है' असं वाचलंत तर ते रक्ताच्या सामूबद्दल आहे, ७.३५ ते ७.४५. खारटपणाचा तिथे संबंध नाही.

'क्षारीय जल' विकत घ्यावं का?

पोटातलं आम्ल त्याचं घोटाघोटाला उदासिनीकरण करून टाकतं आणि रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. माझे पैसे मी त्यात घालणार नाही.

दवाखान्याच्या पाटीवरचं 'क्षारसूत्र' मिठाच्या पाण्यातलं असतं का?

अजिबात नाही. इथे शब्द जुन्या, संस्कृत अर्थाने आहे. भगंदरावर वापरतात त्या दोऱ्यावर निवडुंगाच्या जातीच्या स्नुहीच्या चिकाचे ११ थर, मग स्नुही आणि आघाड्याच्या क्षाराचे ७ आणि शेवटी स्नुही आणि हळदीचे ३, असे एकूण २१ थर देतात. आघाड्याचा क्षार म्हणजे त्याच्या राखेतून काढलेला अल्कधर्मी पदार्थ. हे काम वैद्याचं, घरी दोरा बांधून बघण्याचं नाही.

यावरून एक सांगून ठेवतो. मोरी साफ करायच्या पावडरीच्या डब्यावर हिंदीत 'तीव्र क्षार' लिहिलेलं असतं. ते वाचून मराठी माणसाला वाटतं, मीठच तर आहे. ते कॉस्टिक असतं. कातडीवर किंवा डोळ्यात गेलं तर लिंबू-व्हिनेगरने मारायला जाऊ नका, वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं धूत राहा आणि दवाखाना गाठा.

नीमचच्या कारखान्याच्या नावातलं 'क्षारोद' काय आहे?

अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना, 'अफीम एवं क्षारोद कारखाना'. क्षारोद म्हणजे अल्कलॉइड. हे नाव १८१९ साली माइसनर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने दिलं, कारण वनस्पतींतून निघणारी ही द्रव्यं अल्कलीसारखी वागतात, आम्लाशी जोडी जमवतात. मॉर्फिन, कोडीन ही त्यातलीच. पण मॉर्फिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून औषधात ते मॉर्फिन सल्फेट, कोडीन फॉस्फेट अशा रूपात येतं. मराठीत सांगायचं तर क्षारोदाचा क्षार! हिंदीत क्षारोदाचं लवण, आणि इथे मात्र हिंदीचं वाक्य सरस आहे हे कबूल करायला हवं.

'क्षार धातु' म्हणजे मिठातले धातू?

लिथियम, सोडियम, पोटॅशियम आणि त्यांच्या खालचे. पाण्याशी अभिक्रिया करून ते अल्क देतात म्हणून हिंदीत क्षार धातु, मराठीत अल्क धातू. मिठात सोडियम असतो हा वेगळा मुद्दा.

परीक्षेत काय लिहायचं आणि घरी काय बोलायचं?

पेपर ज्या भाषेत, शब्द त्याच भाषेतले. हिंदी पेपरात अम्ल, क्षारक, क्षार, लवण. घरी आजोबांशी बोलताना आम्ल, आम्लारी, अल्क, क्षार. या दोन ओळी वर-खाली लिहून मधे बाण काढले की बहुतेक मुलं पुन्हा विचारायला येत नाहीत. शंका राहिलीच तर शब्दावर वाद घालू नका, पदार्थाचं नाव घ्या. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम क्लोराईड पुण्यातही तेच आहेत आणि इंदुरातही. आणि उत्तरात 'क्षारीय' लिहायच्या आधी मुलाला एवढंच विचारा की हळदीची पट्टी लाल होईल का. हो म्हणाला तर लिहू दे.